पायाच्या अंगठ्याचं हाड ‘वाढतं’ तेव्हा नेमकं काय होतं?

पायाच्या आतल्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ वर येते. नवी चप्पल लागली असेल म्हणून सुरुवातीला कोणी मनावर घेत नाही. वर्ष-दोन वर्षांत तिथली कातडी जाड आणि लालसर होते, बूट घातला की ठणका लागतो, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलायला लागतो. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेकांचं मागणं एकच असतं: ‘इथलं हाड वाढलंय, तेवढं घासून टाका.’

पुढचे सगळे फसलेले उपाय याच समजातून निघतात. हाड वाढलेलं नसतं, जागेवरून सरकलेलं असतं. डॉक्टर या विकाराला बनियन म्हणतात, कागदावर हॅलक्स व्हॅल्गस लिहितात. लेप लावून, मालिश करून किंवा वरचा उंचवटा तासून सरकलेलं हाड जागेवर येत नाही. पण त्रास कमी करायला शस्त्रक्रियाच लागते असंही नाही. निम्म्याहून जास्त काम योग्य पादत्राणं करतात.

आत काय बिघडतं

अंगठ्याच्या मागे तळपायात एक जाड, लांब हाड असतं. ते पहिलं मेटाटार्सल. त्याचं पुढचं गोल टोक आणि अंगठ्याचं पहिलं हाड मिळून अंगठ्याचा मुख्य सांधा होतो. टाच उचलून पुढचं पाऊल टाकताना शरीराचा मोठा भार याच सांध्यावरून जातो. बनियनमध्ये मेटाटार्सल आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा उलट, करंगळीकडे झुकतो. दोन हाडं अशी विरुद्ध दिशांना गेली की मधला सांधा कोन करून बाहेर येतो. आपल्याला दिसते ती गाठ म्हणजे मुख्यतः मेटाटार्सलचं डोकंच. त्यावर द्रवाची एक छोटी पिशवी असते, बर्सा. बुटाची कड रोज घासून ती सुजते, आणि लाली, ऊब, ठणका यांचा मोठा भाग या सुजेतून येतो. म्हणून चप्पल बदलली की पंधरा दिवसांत दुखणं कमी होतं, गाठ मात्र तेवढीच राहते.

पुढची गंमत टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची. अंगठा वर-खाली करणारे टेंडन सरळ अंगठ्यात मधोमध धावतात. अंगठा कलला की ते धनुष्याच्या दोरीसारखे एका बाजूला ताणले जातात, आणि प्रत्येक पावलाला अंगठ्याला आणखी करंगळीकडे ओढतात. सांध्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, तीही आपली खाच सोडून करंगळीकडच्या बाजूला जातात. आतल्या बाजूचं सांध्याचं आवरण ताणून सैल होतं, बाहेरच्या बाजूचं आखडतं. त्यामुळे एकदा सुरू झालेला बनियन आपणहून मागे फिरत नाही. किती वेगाने वाढेल याचा मात्र नेम नाही. कोणाचा वीस वर्षं तसाच राहतो, कोणाचा चार वर्षांत दुप्पट दिसायला लागतो.

अंगठा भार घेईनासा झाला की तो भार शेजारच्या बोटांवर पडतो. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याला घट्टा पडतो आणि चालताना तिथे खडा टोचल्यासारखं वाटतं. दुसऱ्या बोटाचा मधला सांधा वर उचलला जाऊन ते हातोडीसारखं वाकतं; वर बुटाला घासून कुरूप होतं. पुष्कळदा रुग्ण तळव्याच्या घट्ट्यासाठीच येतो आणि मूळ दोष अंगठ्यात सापडतो. बायकांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट: जोडवी याच दुसऱ्या बोटात असतात. अंगठा त्या बोटाखाली शिरायला लागला की जोडव्याची कड अंगठ्याच्या कातडीत रुतते. तिथे काळपट वळ किंवा जखम दिसली तर जोडवी काही दिवस काढून ठेवावीत, किंवा कड गुळगुळीत असलेली, पातळ घ्यावीत. जोडव्यांमुळे बनियन होतो असं नाही, पण असलेल्या बनियनला ती काचतात.

दोष कोणाचा, चपलेचा की घराण्याचा?

दोघांचाही, आणि वाटा सगळ्यांचा सारखा नसतो. आई, आजी, मावशी यांचे पाय बघितले तर अनेकदा तसाच अंगठा दिसतो. वारशाने गाठ येत नाही, पायाची घडण येते: सैल सांधे, सपाट पाय, पहिल्या मेटाटार्सलच्या मुळाशी जास्त हालचाल. अशा पायाला अरुंद बूट मिळाला की काम लवकर बिघडतं. उलट घडण चांगली असेल तर टोकदार बुटात अर्धं आयुष्य काढूनही काही होत नाही. शेजारणीला हिल्स चालतात, मग मलाच त्रास का, याचं उत्तर यात आहे.

पादत्राणांचा वाटा किती मोठा असू शकतो हे १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगमधल्या एका जुन्या पाहणीत दिसतं. बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांना हा विकार होता, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम २ टक्के. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की १८ ते ६५ वयातल्या साधारण २३ टक्के आणि ६५ च्या पुढच्या साधारण ३६ टक्के लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात असतो. बायकांमध्ये प्रमाण स्पष्टपणे जास्त. संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), मज्जासंस्थेचे काही विकार आणि आखडलेली पोटरी हीसुद्धा कारणं असतात. पोटरी आखडली की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर जास्त वेळ भार राहतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न हिल्सपुरता मर्यादित नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत आठ-आठ तास लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज घालून उभं राहणारे कामगार आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी करताना गमबूट घालणारे आहेत. गमबूट लांबीवरून घेतले जातात, रुंदीचा विचार कोणी करत नाही, आणि रबर चामड्यासारखं पायाचा आकार घेत नाही. सेफ्टी शूजमधली टोपी तर मुळीच ताणली जात नाही. ती गाठीवर टेकत असेल तर ‘वापरून सैल होतील’ हे दुकानदाराचं वाक्य तिथे खोटं ठरतं. स्टोअरमधून मिळालेला जोड लागत असेल तर फक्त एक नंबर मोठा मागू नये. त्याने टाच निसटते, पाय पुढे घसरतो आणि पुन्हा टोपीतच अडकतो. रुंद फिटिंगचा जोड मागावा. तो नसेल तर निदान टोपीची मागची कड गाठीच्या पुढे राहते की नेमकी गाठीवर येते एवढं तपासून घ्यावं.

आधी हे बनियनच आहे ना?

अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ते सगळं बनियन नसतं. रात्रीत अचानक सांधा लालबुंद, गरम झाला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो गाऊट (युरिक आम्ल सांध्यात साचून येणारी सूज) असण्याची शक्यता मोठी. त्याची तपासणी आणि औषधं वेगळी. गाठ आतल्या कडेला नसून सांध्याच्या वर आहे, अंगठा सरळ आहे पण वर वाकत नाही, तर तो झिजलेला, ताठर सांधा. सांध्यासोबत ताप असेल, पू दिसत असेल तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवावं.

बनियनचा एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढायचा असतो. हे मुद्दाम सांगायचं कारण, झोपवून काढलेल्या एक्स-रेत कोन कमी दिसतो आणि उपचारच चुकू शकतो. चिठ्ठीवर ‘भार देऊन, दोन्ही पाय’ असं लिहिलंय ना बघावं. त्या फिल्मवर अंगठा आणि मेटाटार्सल यांच्यातला कोन मोजतात. १५ अंशांपर्यंत सामान्य, २० पर्यंत सौम्य, २० ते ४० मध्यम, त्याच्या पुढे तीव्र. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधला कोनही मोजतात, तो सहसा ९ अंशांच्या आत असतो. कोन आणि दुखणं मात्र हातात हात घालून चालत नाहीत. ३५ अंशांचा अंगठा घेऊन आरामात फिरणारे लोक आहेत आणि १८ अंशांना रडकुंडीला येणारेही. उपचार ठरतो तो दुखण्यावरून.

पादत्राणं कशी निवडायची

एक साधी चाचणी घरीच करता येते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. दुसऱ्या कोणाला तरी पेन अगदी उभं धरून पायाभोवती रेघ काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर भार सरकतो आणि रेघ चुकते. आता रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवा. बुटाच्या दोन्ही बाजूंनी रेघ बाहेर डोकावत असेल तर तेवढा पाय तुम्ही रोज आत कोंबताय. नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा मेन रोडला खरेदीला जाताना आकृती कापून बरोबर न्या आणि बुटातलं सुकतळं बाहेर काढून तिच्यावर ठेवून बघा. दोन्ही पाय सारखे नसतात; मोठ्या पायाच्या मापाने घ्या.

बाकीचे निकष असे. सगळ्यात लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी, आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. पुढचा भाग रुंद आणि खोल. गाठीवर शिवण, बक्कल किंवा कडक पट्टी येता कामा नये. टाच चार सेंटिमीटरपेक्षा उंच नको. उंच टाचेने शरीर उतारावरून घसरल्यासारखं बोटांवर येतं. लेस किंवा वेल्क्रो असलेला बूट बरा, कारण तो पायाला मागे धरून ठेवतो. बिनलेसचा बूट पायात राहण्यासाठी मुळातच घट्ट घ्यावा लागतो. तळवा चवड्यापाशी वाकावा, मध्यावर नाही. बूट हातात घेऊन पिळला आणि फडक्यासारखा पिळला गेला तर तो पायाला आधार देणार नाही.

कोल्हापुरीबद्दल हमखास विचारलं जातं. पुढून उघडी असल्याने ती बोटं आवळत नाही हे चांगलं. पण तिची आडवी पट्टी पुष्कळदा नेमकी गाठीवर येते आणि नव्या चामड्याची कड कापते. तेल लावून, मऊ करून, पट्टी गाठीच्या मागे बसत असेल तर खुशाल वापरावी. पातळ रबरी स्लिपर मात्र दिवसभर घालू नये. ती पायात टिकवण्यासाठी बोटं सतत आवळून धरावी लागतात. आणि फरशीवर तासन् तास अनवाणी स्वयंपाक करणाऱ्यांनी घरात मऊ, जाड तळव्याची चप्पल ठेवावी.

स्पेसर, स्प्लिंट, तळवे

अंगठा आणि दुसऱ्या बोटात ठेवायचा सिलिकॉनचा स्पेसर घासणं कमी करतो. बूट रुंद असेल तरच तो वापरा. अरुंद बुटात त्याने गर्दी आणखी वाढते आणि दुखणं दुप्पट होतं. गाठीवरची जेलची गादी सुजेला आराम देते. रात्री बांधायच्या स्प्लिंटच्या जाहिराती ‘तीस दिवसांत अंगठा सरळ’ म्हणतात. बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ राहतो, सोडला की पुन्हा तिथेच. ताठरपणा आणि रात्रीची ठणक कमी वाटत असेल तर वापरायला हरकत नाही, पण सरळ होण्याच्या आशेवर पैसे घालवू नयेत. बुटात घालायचे, कमानीला आधार देणारे तळवे सपाट पायाच्या माणसाला बरे वाटतात. फिनलंडमधल्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २०९ रुग्णांचे तीन गट केले होते. तळव्यांच्या गटाला सहा महिन्यांपर्यंत फायदा दिसला. वर्षाअखेरीस तो गट आणि नुसती वाट बघणारा गट सारखेच ठरले. शस्त्रक्रियेचा गट पुढे होता.

दुखणं पेटलं असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. डायक्लोफिनॅकचं मलम चालतं. त्याच गटातल्या गोळ्या आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सुजलेल्या बर्सात स्टिरॉइडचं इंजेक्शन कधीकधी देतात. ते पुन्हा पुन्हा घेणं टाळावं, कातडी आणि सांध्याचं आवरण कमजोर होतं.

व्यायामाने कोन सुटत नाही, पायाची ताकद आणि सांध्याची लवचिकता मात्र टिकते. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणायची: ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. खुर्चीत बसून, बोटं न आवळता, चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. अंगठा हाताने हलकेच ओढून सरळ रेषेत आणायचा आणि वर-खाली फिरवायचा. सहा-आठ आठवडे नेमाने केलं तर फरक जाणवतो, तोही चालण्यात, आरशात नाही.

मधुमेह असेल तर नियम बदलतात

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि मग गाठ दुखत नाही हीच धोक्याची गोष्ट. बूट दिवसभर घासतो, फोड येतो, फुटतो, आणि माणसाला मोज्यावरचा डाग बघून कळतं. अशा पायाला कुरुपाच्या पट्ट्या लावू नयेत. त्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते चांगली कातडीही जाळतं. ब्लेडने घट्टा कापू नये. रोज रात्री दोन्ही पाय, बोटांच्या फटींसकट बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. गाठीवर लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी दाखवावी. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायचा हट्ट अशांनी सोडावा.

शस्त्रक्रिया कधी आणि कोणती

रुंद पादत्राणं वापरूनही रोजचं चालणं, काम अडत असेल, दुसरं बोट वर चढायला लागलं असेल, तर विचार करावा. केवळ दिसायला वाईट आहे म्हणून, किंवा नंतर टोकदार बूट घालता यावेत म्हणून करू नये. अशा रुग्णांची निराशा सर्वात जास्त होते. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये शक्य तोवर हाडाची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात, कारण त्यांच्यात बनियन पुन्हा येण्याचं प्रमाण जास्त असतं.

नुसती गाठ तासायची शस्त्रक्रिया स्वस्त आणि झटपट वाटते. मेटाटार्सल मात्र सरकलेलंच राहतं, त्यामुळे अंगठा पुन्हा कलतो. कोणी ‘फक्त घासून देतो’ म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

सौम्य ते मध्यम कोनात शेव्हरॉन करतात: मेटाटार्सलच्या टोकाजवळ आडव्या व्हीच्या आकाराचा छेद देऊन डोकं काही मिलिमीटर करंगळीकडे सरकवायचं आणि स्क्रूने पक्कं करायचं. कोन जास्त असेल तर हाडाच्या लांबीत झेडसारखा छेद, त्याला स्कार्फ म्हणतात. अंगठ्याचं हाडही वाकडं असेल तर त्यातून पातळ पाचर काढून ते सरळ करतात, ते एकिन. मेटाटार्सलच्या मुळाशीच सांधा ढिला असेल किंवा दोष तीव्र असेल तर तो मुळाचा सांधा जोडून टाकतात, ती लॅपिडस. आणि अंगठ्याचाच सांधा झिजला असेल, विशेषतः संधिवातात, तर तो सांधा गोठवतात, म्हणजे त्याची दोन्ही हाडं कायमची जोडून टाकतात. अंगठा वाकत नाही, पण दुखणं थांबतं आणि चालता येतं. छोट्या छिद्रांतून करायची पद्धतही आता रुळली आहे. व्रण लहान असतो, पण हाड तेवढंच कापलेलं असतं आणि जुळायला तेवढाच वेळ घेतं. बहुतेक वेळा घोट्यापाशी भूल देऊन काम होतं.

सर्जनला विचारायचे प्रश्न नेमके ठेवा: माझे दोन्ही कोन किती, कोणती पद्धत आणि तीच का, स्क्रू काढावा लागेल का, मी तंबाखू-सिगारेट घेतो त्याचं काय. शेवटचा प्रश्न टाळू नका. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो आणि जखम चिघळते. ईएसआय कार्ड असेल किंवा सरकारी योजनेतून करायचं असेल, तर तारीख घेण्याआधी ही विशिष्ट शस्त्रक्रिया मंजूर होते का ते लेखी विचारून घ्या.

नंतरचे सहा आठवडे

पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच ठेवून काढायचे. पायाखाली एक उशी पुरत नाही, दोन-तीन लागतात. शेव्हरॉन किंवा स्कार्फनंतर बहुधा लगेच चालता येतं, पण टाचेवर भार घेणाऱ्या खास सँडलमध्येच. लॅपिडसनंतर भार द्यायला बराच उशीर लागू शकतो. घरोघर चूक होते ती इथे. बाहेरची चप्पल स्वयंपाकघरात किंवा देवघरात कशी न्यायची म्हणून लोक चार पावलं अनवाणी टाकतात, आणि नेमका त्या चार पावलांत स्क्रू हलतो. घरासाठी कोरी सँडल वेगळी ठेवा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर येतो. सहा आठवडे कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय आधीच करून ठेवा. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तोवर अंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी. डॉक्टरांनी सांगितल्यापासून अंगठा हाताने वर-खाली हलवायचा. भीतीने न हलवणाऱ्यांचा सांधा ताठर होतो.

बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी, उभं राहायचं काम दोन ते तीन महिन्यांनी. मोटरसायकलचा गिअर डाव्या चवड्याने उचलावा लागतो आणि ब्रेक उजव्याने, म्हणजे कुठलाही पाय असला तरी सहा-आठ आठवडे गाडी नाही. सूज मात्र सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते. ‘अजून बूट बसत नाही’ म्हणून तिसऱ्या महिन्यात घाबरायचं कारण नाही. पोटरी दुखून सुजली, दम लागला, जखमेतून पू आला, अंगठा निळा-पांढरा पडला, तर लगेच रुग्णालय गाठावं. उशिरा दिसणारे त्रास वेगळे: अंगठ्याच्या आतल्या कडेला बधिरपणा, दुसऱ्या बोटाखाली दुखणं, गाठ पुन्हा येणं, क्वचित अंगठा उलट बाजूला वळणं.

दोन्ही पायांना त्रास असेल तर जास्त दुखणारा आधी, दुसरा तीन-चार महिन्यांनी. एकदम दोन्ही केले तर टेकायला चांगला पाय उरत नाही, आणि नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या उभ्या जिन्यांवर ते भारी पडतं. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जायचा नेम असेल तर तारीख त्याच्या किमान सहा महिने आधीची घ्या, नाहीतर यात्रा करून आल्यावरची.